कुठेही म्हणजे कोणत्या गावाला

कारभारी नाना देवरे हे नाव आमच्या नाशिकच्या उपनगर भागात घेतलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, तेच ना ते, म्हातारपणी व्हिडिओ गेम खेळणारे? हो, तेच. पण लोकांना गोष्ट अर्धीच ठाऊक आहे, आणि अर्धी गोष्ट सांगणाऱ्याला मी माझ्या ओट्यावर चहा देत नाही. मी शाळेत चौथीपर्यंत गेलो, त्यामुळे लिहिण्यात काही चुकलं तर ते शाळेच्या खात्यावर टाका. जे पाहिलं त्यात चूक निघणार नाही, कारण तेव्हा नानांच्या शेजारच्या खुर्चीवर मीच बसलेलो होतो.

नाना एसटीत ड्रायव्हर होते. सगळी नोकरी नाशिक–मालेगाव. साहेबांनी मधेच दुसरा रूट दिला तर नाना आजारी पडायचे, आणि तो रूट दुसऱ्याच्या गळ्यात गेला की दुसऱ्या दिवशी ठणठणीत. मी रिक्षावाला. माझा स्टँड द्वारकेच्या चौकात. तिथल्या गर्दीत मी रिक्षा आडवी घातली की नाना वरून काच सरकवून एवढंच म्हणायचे, "रिक्षावाले, रस्ता सगळ्यांचा हाय, उरलेला आम्हाला द्या." पुढे दोघेही घरी बसलो आणि योग असा की एकाच बिल्डिंगमध्ये आलो. ते वर, मी खाली. तरी मला शेवटपर्यंत ते रिक्षावालेच म्हणायचे. मीही त्यांना कधी ड्रायव्हरसाहेब म्हटलं नाही.

नाना कुठेही गेले तरी उजव्या बाजूलाच बसायचे. पंगतीत उजवं टोक, देवळात उजवा खांब, माझ्या ओट्यावर उजवी कड. तिथे दुसरं कोणी बसलेलं असलं तर त्याच्याकडे बघत उभे राहायचे, तो उठेपर्यंत. बोलताना त्यांचा डावा हात मांडीजवळ गिअर टाकत असायचा. साध्या गप्पा चालल्या असतील तर हात टॉपला. विषय अवघड झाला, म्हणजे सुनेचा किंवा पेन्शनचा, की तिसरा, मग दुसरा. हात नुसता हलायला लागला की मी ओळखायचो, न्यूट्रल. नानांना आता झोप येतेय. आणि त्यांच्या घरी जायच्या वेळेला कुणाच्या बापाचं चालत नव्हतं. मी एखाद्याच्या मरणाची बातमी सांगत असलो तरी वाक्याच्या मधून उठायचे. पुढचं वाक्य उद्या.

एकदा आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाइप टाकायला खणलं. नाना त्या गल्लीतूनच भाजीला जायचे. खड्डा बुजेपर्यंत त्यांच्या घरी पिठलं शिजत होतं. मी म्हणालो, नाना, मागच्या गल्लीतून गेलात तर बाजार उलट जवळ पडतो. ते म्हणाले, "असंल. पण तो रस्ता आपल्या ड्युटीत नाय."

ह्यावरून आमचं रोज वाजायचं. मी म्हणायचो, माणूस रिक्षासारखा असावा, वाटेल तिकडे वळणारा. तुम्ही जन्मभर एका नळीतून गेलात आणि त्याच नळीतून परत आलात. नानांचं म्हणणं वेगळं होतं. रस्ता ठरलेला असला की डोकं मोकळं राहतं आणि माणूस बाजूला बघतो. आग्रा रोडवरचा कोणता आंबा कोणत्या साली मोहरला नाही, पिंपळगावच्या पुढे कोणत्या मळ्यात नवी विहीर खणली, कोणत्या घराला रंग दिला म्हणजे तिथली पोरगी लग्नाची झाली, हे सगळं त्यांना पाठ होतं. तू जन्मभर वळणं शोधत राहिलास, म्हणायचे, तुला झाड कुठं दिसलं? आणि वरून हाणायचे, "आणि तू कसला मोकळा? मागं बसलेला म्हणंल तिकडं जायचा."

मी म्हटलं, जिथं जायचं नसेल तिथं मी नाही म्हणायचो.

"ते तर तू समद्यांनाच म्हणायचा."

ह्यावर उत्तर होतं माझ्याकडे, पण ते उठले. वेळ झाली होती.

आता खरी गोष्ट. निवृत्तीनंतर नानांनी एक जुनी पांढरी व्हॅन घेतली. सुमन वहिनींना फिरवायचं म्हणून. वहिनी मालेगावच्या बाजूच्या, बोलायला लागल्या की मधे मधे अहिराणी यायची. लग्न झाल्यापासून नानांनी त्यांना दोनच प्रवास घडवले होते, मालेगावला माहेरी आणि माहेराहून परत. बाकी नोकरी संपल्यावर, असं नाना म्हणत आले होते. नोकरी संपली, व्हॅन आली, आणि वहिनींच्या सख्ख्या भाचीचं लग्न निघालं त्र्यंबकेश्वरला.

उपनगराहून त्र्यंबकला जायचं तर द्वारकेहून सरळ गावात शिरायचं आणि पुढे त्र्यंबक रोड धरायचा. शेंबड्या पोराला कळतं. नाना पुढे, वहिनी बाजूला नवी पैठणी नेसून, मागे मी आणि आमची ही. वहिनी मागे वळून हिच्याशी नवरदेवाच्या घरच्यांबद्दल बोलत होत्या. विषय चांगला रंगला होता. मीही ऐकत होतो, खोटं कशाला बोलू. द्वारका आली आणि नानांचे हात आपोआप आग्रा रोडला फिरले. आडगाव गेलं, ओझर गेलं. मला बाहेर द्राक्षाचे मळे दिसले तेव्हा मी म्हणालो, नाना, त्र्यंबकला द्राक्षं कधीपासून व्हायला लागली? नानांचा हात तिसऱ्यावर आला. मग म्हणाले, पुढं चांदवडला वळून घेऊ, मधे गाडी वळवायची परवानगी नाय.

चांदवडला पोचलो तेव्हा तिकडे त्र्यंबकला मंगलाष्टकं संपत आली असणार. वहिनींनी निघतानाच रुमालात अक्षता बांधून घेतल्या होत्या. चांदवडच्या स्टँडसमोर, जिथे नाना नोकरीभर चहाला थांबायचे बरोब्बर तिथे त्यांनी व्हॅन लावली. वहिनींनी रुमाल सोडला आणि सगळ्या अक्षता नानांच्या डोक्यावर टाकल्या. म्हणाल्या, "घ्या. तुमचं ह्या रस्त्याशीच लागलंय लगीन."

स्टँडवरच्या दोन-चार जुन्या कंडक्टरांनी नानांना ओळखून नमस्कार केला. डोक्यावर तांदूळ घेऊन नानांनी तो स्वीकारला.

त्या दिवसापासून वहिनी व्हॅनमध्ये बसल्या नाहीत. भांडण नाही, अबोला नाही. जेवायला वाढायच्या, औषध द्यायच्या, पण बाहेर निघाल्या की व्हॅनच्या बाजूने चालत जाऊन शेअर रिक्षात बसायच्या. अट त्यांनी एकदाच सांगितली, आमच्या ओट्यावर, आमच्या देखत. कुठं जायचं ते ठाऊक नसताना ज्या दिवशी तुम्ही गाडी काढाल, त्या दिवशी बसंन. नानांचा हात दुसऱ्यावर आला. शेवटी म्हणाले, "पण मग बोर्ड कशाचा लावायचा?"

वहिनी उठून वर गेल्या.

ह्यात हसण्यासारखं पुष्कळ आहे, पण नानांना हसू येत नव्हतं. त्यांच्या लायसन्सची मुदत उन्हाळ्याच्या तोंडाला संपत होती आणि डोळ्यांची जी अवस्था होती तिच्याकडे बघता पुन्हा दाखला मिळणार नव्हता. पुण्याच्या मुलाने सांगूनच ठेवलं होतं की मुदत संपली की व्हॅन विकायची. म्हणजे जे काय व्हायचं ते एवढ्या हिवाळ्यात. नाना रोज सकाळी व्हॅन पुसायचे. मग वहिनींच्या बाजूचं दार उघडून थोडा वेळ तसंच ठेवायचे, हवा खेळावी म्हणून, असं ते सांगायचे. वहिनी बाजूने निघून गेल्या की दार लावायचे.

आमच्या बिल्डिंगच्या खालच्या गाळ्यात प्रज्ञाचं गेम पार्लर आहे. समोरच्या कॉलनीतली पोरगी, कॉम्प्युटरचं शिकलेली. गळ्यात ते गाणी ऐकायचं कानाचं यंत्र अडकवलेलं, आणि आवाज कधी चढत नाही. तिनेच सांगितलं, नाना, माझ्याकडे स्टिअरिंगवाला गेम आहे, खाली क्लच-ब्रेक सगळं आहे. कुठे जायचं ते न ठरवता गाडी चालवायची सवय करा. इथे चुकलात तर कुणाचं लग्न बुडत नाही. मी नानांना घेऊन गेलो. ते एकटे गेले नसते. पार्लर त्यांच्या रोजच्या वाटेवर नव्हतं, वाटेच्या खाली होतं.

प्रज्ञाने पहिल्या दिवशी हात बसावा म्हणून सोपा गेम दिला. एक माणूस पडक्या किल्ल्यात अडकलाय आणि त्याला बाहेर काढायचं. जायला एकच वाट. दोन्हीकडे भिंती, आणि भिंत नसली तरी जाता येत नाही. मी आधी खेळलो. एका ठिकाणी डाव्या हाताला चांगलं कडी-कोयंड्याचं दार होतं. मी त्या दारावर माणूस नेऊन आदळत राहिलो. प्रज्ञा म्हणाली, काका, ते दार नुसतं चित्र आहे, उघडत नाही. मी म्हटलं, मग काढलं कशाला? शोभेसाठी, म्हणाली. मी सोडलं नाही. दार केलंय तर माणूस उघडणार. मागे पोरं नंबर लावून उभी होती, ती कंटाळून जमिनीवर बसली. नाना म्हणाले, "सोड. ते दार आपल्या ड्युटीत नाय." आणि माझ्या हातातून खेळ घेऊन ते सरळ चालू पडले.

तो गेम नानांना इतका आवडला की मला त्यांची काळजी वाटायला लागली. करणाऱ्याने रस्ता करून ठेवलाय, म्हणायचे, आपण नीट बघत बघत जायचं. भिंतीवरचे दिवे, छतावरची जळमटं, एका कोनाड्यात ठेवलेली कुणाची तरी चप्पल, सगळं त्यांनी बघितलं. पोरं धावत जायची, नाना चालत. काही दिवसांनी माणूस किल्ल्याबाहेर पडला, पडद्यावर नावं यायला लागली, पोरांनी टाळ्या वाजवल्या. नाना जागचे हलले नाहीत. म्हणाले, आता परतीची फेरी लाव.

प्रज्ञाला कळेना. म्हणाली, नाना, संपला गेम.

"माणूस तिकडंच सोडायचा का? नेला तर आणायला नको?"

मग तिने दोघांना समोर बसवून समजावलं. गेम दोन तऱ्हेचे असतात. एकात करणारा तुमचं बोट धरून नेतो, त्याला जे दाखवायचं तेवढंच दाखवतो, आणि शेवटाला आणून सोडतो. दुसऱ्यात तो एक अख्खं गाव उभं करतो, तुम्हाला मधे सोडतो आणि निघून जातो. काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पोरांना दुसरा आवडतो. नाना म्हणाले, पहिला बरा माणूस दिसतो. पण वहिनींची अट दुसऱ्यातली होती, हे त्यांनाही कळत होतं. त्यांनी चष्मा पुसला आणि स्टिअरिंगसमोर बसले.

ते गाव मोठं होतं. रस्ते, पूल, डोंगर, एका अंगाला समुद्र. नानांचा माणूस फुटपाथवर उभा होता. नानांनी विचारलं, कुठं जायचं? प्रज्ञा म्हणाली, कुठेही.

"कुठेही म्हणजे कोणत्या गावाला?"

ती म्हणाली, नाना, समोरची कुठलीही गाडी घ्या आणि निघा. नानांनी समोरच्या लाल मोटारीकडे बघितलं. गाडी कुणाची हाय? कुणाचीच नाही, प्रज्ञा म्हणाली. "नंबरप्लेट हाय की तिला," नाना म्हणाले, आणि दुसऱ्याच्या गाडीला हात लावायला साफ नकार दिला. त्या अख्ख्या आठवड्यात नाना त्या गावात पायी हिंडले, तेही कडेकडेने, कारण तिथली माणसं उलट्या बाजूने गाड्या चालवत होती. लांब चालून एकदा त्यांना एका पटांगणात बस उभी दिसली. तिच्यात मात्र ते लगेच चढून बसले. मी म्हटलं, आता कशी चालली दुसऱ्याची? ते म्हणाले, बस सरकारची असते, आणि आपण सरकारचे.

बसले, पण बस हलेना. इंजिन चालू, रस्ता मोकळा, नाना समोर बघत स्वस्थ. पोरं म्हणाली, नाना, रेस द्या. नाना ढिम्म. प्रज्ञाला वाटलं, पेडल बिघडलं. तिने खाली वाकून बघितलं. मला उशिरा उजाडलं. नाना डबल बेलची वाट बघत होते. कंडक्टरने दोन टोले दिल्याशिवाय ह्या माणसाने जन्मात गाडी हलवली नव्हती.

शेवटी समोरच्या टपरीवरून काचेचा ग्लास आणि चमचा आणला. टण टण, आणि बस निघाली. त्या दिवसापासून मी कंडक्टर. स्वतःची रिक्षा, स्वतःचा हुकूम असा जन्म काढलेला माणूस मी, आणि ग्लास वाजवत एसटीच्या माणसाच्या मागे बसलो. पोरं मला तिकीट मागायची. मी एकदोघांच्या कानाखाली आवाज काढला असता, पण हातात ग्लास होता.

मला वाटलं होतं, मोकळं गाव आहे, नाना आता मोकळे होतील. झालं उलटंच. पाच-सहा दिवसांत नानांनी त्या गावात रूट पाडला. पुलाला म्हणायचे आडगाव, पेट्रोल पंपाला ओझर, डोंगराच्या चढाला राहुडचा घाट. रस्ता जिथे समुद्राला मिळत होता ते मालेगाव. पुठ्ठ्यावर नाशिक–मालेगाव लिहून तो टीव्हीवर टांगला. अर्ध्या वाटेला बस कडेला लावून, स्टिअरिंगवरचे हात काढून, ते शांतपणे चहा प्यायचे, कारण तिथे चांदवड होतं. नंबर लावलेली पोरं हात जोडायची, पण चहाची वेळ कमी झाली नाही. एकाने विचारलं, नाना, मालेगावला समुद्र कधी आला? नाना म्हणाले, "जिथं ड्युटी संपते ते मालेगाव. बाकीचं साहेबांना इचार."

प्रज्ञाने डोक्याला हात लावला. मला हळूच म्हणाली, काका, पडद्यावर वाट दाखवणारी रेघ असते ना, पोरं मोकळ्या गेममध्येही ती रेघ धरूनच फिरतात, म्हणून मी नानांसाठी ती बंद केली. तर ह्यांनी स्वतःची आखली. मी म्हटलं, बाई, ती रेघ त्यांच्या हातावरच आहे. वर हिवाळा अर्धा सरला होता. नाना सकाळी व्हॅनचं दार उघडत होते, लावत होते.

आणि मग एका दुपारी सुमन वहिनी पार्लरमध्ये आल्या. नाना रोज कुठे जातात ते त्यांना कुणीतरी सांगितलं असणार. कोणी सांगितलं ते मला ठाऊक आहे, माझ्याच घरातलं आहे, ते जाऊ द्या. पोरं उठून उभी राहिली, एकाने खुर्ची दिली. वहिनींनी टीव्हीवरचा पुठ्ठा वाचला. पडद्यावर नाना ओझरच्या अलीकडे होते.

"हाई काय शे?" वहिनींनी विचारलं.

नाना समोरच बघत म्हणाले, "ड्युटीवर हाय."

वहिनी नानांच्या मागे बसल्या. थोड्या वेळाने माझ्या हातातला ग्लास-चमचा त्यांनी काढून घेतला. मला बरंच वाटलं. पेट्रोल पंप गेला. पंपाच्या मागून एक कच्चा रस्ता आत झाडीत जात होता. आम्ही रोज त्याच्यावरून जात होतो, मला तो आजवर दिसला नव्हता. वहिनींनी ग्लासवर एकच टोला दिला.

एक टोला म्हणजे थांबा. नानांचा पाय ब्रेकवर गेलाच.

"हितं थांबा नाय," नाना म्हणाले.

"त्या रस्त्यानं आत काय हाय?"

"गाव असंल."

"बघितलं का?"

"नाय."

मग वहिनी म्हणाल्या, आणि आपला सोग्रस फाटा? खडकजांबचा फाटा? शिरवाड्याचा? नाना सांगायला लागले. सोग्रस फाट्याला एक म्हातारी उतरायची, डोक्यावर गाठोडं, तिला पायरी उंच पडायची म्हणून ते गाडी मातीच्या ढिगाला लावून उभी करायचे. खडकजांबला एक मास्तर उतरायचे, पावसात चपला हातात घ्यायचे. शिरवाड्याला एक पोरगी रोज कॉलेजातून यायची, पुढे कडेवर मूल घेऊन यायला लागली. नाना बोलत होते आणि डावा हात अजिबात हलत नव्हता. हे मी पहिल्यांदा पाहिलं.

वहिनी म्हणाल्या, "इतकी वर्सं माणसं फाट्यावर उतरवली. ती आत कुठं जात होती, ते बघावं नाय वाटलं?"

"टाइम पाळायचा व्हता."

"आता कोणाचा पाळता?"

पडद्यावर बस कच्च्या रस्त्याच्या तोंडाशी घुरघुरत उभी होती. नानांनी आरशात बघितलं, म्हणजे जिथे आरसा असायला हवा तिथे. मग वहिनींनी दोन टोले दिले. नानांनी स्टिअरिंग पूर्ण फिरवलं आणि बस आत घातली.

पन्नास पावलंसुद्धा गेली नसेल, बसचं चाक खड्ड्यात गेलं, बस एका अंगाला कलली आणि आडवी झाली. पोरांनी जी बोंब ठोकली ती नाक्यापर्यंत गेली. नाना ताडकन उठले. आधी पडद्याकडे बघायचं, तर ते मागे वळले आणि घाबऱ्या आवाजात विचारलं, "समदे ठीक ना?"

वहिनी तोंडाला पदर लावून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. म्हणाल्या, "ठीक हायेत. चला, घरी चला."

नानांनी जाता जाता प्रज्ञाला विचारलं, ब्रेकडाऊनची गाडी तू पाठवशील का मी डेपोत कळवू?

त्यानंतर नाना पार्लरमध्ये आले नाहीत. एका सकाळी बघतो तर व्हॅन जागेवर नाही, आणि वहिनींच्या दाराला कुलूप. दुपारी नाक्यावरचा पंक्चरवाला हसत हसत सांगत आला, तुमचे नाना परत आग्रा रोडनंच गेले, मी द्वारकेला पाहिलं, म्हातारीला घेऊन. इथून लोकांची अर्धी गोष्ट सुरू होते. एवढं शिकूनही शेवटी मालेगावलाच गेले म्हणून गावभर हसणं झालं. मीसुद्धा त्या दिवशी मनात म्हटलं, गेला बिचारा पुन्हा नळीत.

उन्हाळ्यात लायसन्स संपलं. मुलगा आला आणि व्हॅन विकून गेला. नाना त्यानंतरही माझ्या ओट्यावर उजव्या कडेला बसायचे, वेळ झाली की वाक्यातून उठायचे. मागल्या पावसाळ्यात झोपेत गेले. शेवटची भेट म्हणाल तर आदल्या संध्याकाळची, भेंडीच्या भावावरून भांडलो होतो. पण नाना म्हटलं की मला ती भेट आठवत नाही.

मला आठवतो तो पार्लरच्या त्याच हिवाळ्यातला एक दिवस. मेव्हण्याच्या घराची वास्तुशांत होती म्हणून मी मालेगावला निघालो होतो, एसटीने, ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर. वडाळीभोई मागे टाकलं, एका ट्रॅक्टरमागे आमची गाडी रेंगाळली आणि रस्त्याच्या कडेला पांढरी व्हॅन दिसली. फाट्यावर उभी होती, तोंड आतल्या मातीच्या रस्त्याकडे. नाना काच खाली करून एका गुराख्याशी बोलत होते. उभ्या जन्मात ज्याने कुणाला रस्ता विचारला नाही, तो माणूस मान बाहेर काढून विचारत होता, आत काय हाय, असंच असणार. गुराख्याने काय सांगितलं ते मला कळणं शक्य नाही. पण तो खांदे उडवून हसला, म्हणजे विशेष काही नसावं. एखादं देऊळ, चार घरं, कांद्याच्या चाळी.

वहिनी पुढच्या सीटवर होत्या. त्यांनी हात बाहेर काढला आणि बोटाने दाखवलं, तिकडे. व्हॅन हलली. मातीवर हळूहळू डुलत आत जायला लागली, पाठीमागे धूळ. मी आमच्या ड्रायव्हरला म्हणालो, भाऊ, मिनिटभर थांबव, ओळखीचं माणूस आहे. त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि सांगितलं की ह्या फाट्याला गाडीचा थांबा नाही.